सप्टेंबरअखेर महाबळेश्वर-पाचगणी-कास : काय बघावं, काय सोडावं?

शमिका

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवार ते रविवार महाबळेश्वरकडे जायचं घाटतंय. ठाण्याहून आमचीच गाडी. सोबत सासूबाई (गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी), नवरा, नववीतली लेक आणि सहा वर्षांचा धाकटा.

प्रत्येकाची फर्माईश वेगळी. सासूबाईंना क्षेत्र महाबळेश्वर करायचंच आहे. लेकीला कासची फुलं, नवऱ्याला वासोटा किल्ला, धाकट्याला स्वतःच्या हातानं तोडून स्ट्रॉबेरी. मला धबधबा दिसला आणि सकाळी कुणी उठवलं नाही, तरी पुरे. हॉटेलवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पॉइंटांची जी यादी पाठवलीय ती वाचूनच दम लागला. हे सगळं कसं बसवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जावळीकर

शमिकाताई, बसणार नाही. कारण ही यादी एका सहलीची नाहीच, वर्षभराची आहे.

स्ट्रॉबेरीची रोपं लागतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. फळ हाताशी यायला नोव्हेंबरअखेर उजाडते, खरी बहार डिसेंबर ते मार्च. वासोटा कोयना अभयारण्यात, तो पावसाळ्यात बंद असतो आणि ऑक्टोबरात कधीतरी उघडतो. धबधबे जुलै-ऑगस्टचे. सप्टेंबरअखेर लिंगमळ्याला पाणी असतं, पण जोर ओसरलेला. कास मात्र याच दिवसांत. म्हणजे लेक जिंकली, धाकटा आणि यजमान हरले, तुम्ही अर्ध्या-अर्ध्या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. महाबळेश्वरला लोक पॉइंट मोजायला जातात. टॅक्सी थांबते, दहा मिनिटं कठड्याला टेकून फोटो, पुन्हा टॅक्सी. संध्याकाळी विचारा की कोणत्या पॉइंटवरून कोणती नदी दिसली, कुणाला सांगता येत नाही. या सड्याला, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराला, दोन बाजू आहेत. पश्चिमेला तुटलेला कडा, खाली सावित्रीचं खोरं आणि कोकण. पूर्वेला कृष्णा, तिच्यावरची धोम-बलकवडीची धरणं आणि वाई. दोन्ही बाजूंचा एकेक कडा निवांत बघा, प्रदेश कळतो. पश्चिमेचा आर्थर सीट, पूर्वेचा केट्स पॉइंट. बाकीचे राहिले तर राहू द्या.

धुक्यातला पांथस्थ

जावळीकरांचं नेहमीचं सुरू झालं. :) अहो, पहिल्यांदा जाणाऱ्याला पॉइंट बघू द्या की! आमच्या आईला विल्सन पॉइंटचा सूर्योदय अजून आठवतो. १,४३९ मीटर, महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, आणि गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. गुडघेवाल्यांना याहून सोपं काय? बॉम्बे पॉइंटलाही फार चालावं लागत नाही. मावळतीला तिथं जत्रा असते हे कबूल, पण ज्येष्ठ मंडळींना जत्रा आवडते, हे आपण विसरतो.

आर्थर सीटला उलट पायऱ्या आणि चाल दोन्ही आहे. सासूबाईंना तिकडे नेताना विचार करा.

जावळीकर

विल्सनचं मान्य. पण सप्टेंबरात सूर्योदय दिसेल याची खात्री कोण देणार? पहाटे पाचला उठून समोर पांढरा पडदा, असंही होतं. आर्थर सीटला अगदी टोकापर्यंत जायलाच हवं असं नाही. वाटेतल्या पहिल्या एक-दोन ठिकाणांवरूनही दरी पुरेशी दिसते, सासूबाई तिथे बसू शकतात. पोरांना पुढे न्या. कड्यावरून हलकी वस्तू टाकली तर खालून येणारा वारा ती परत वर आणतो, धाकटा खूश होईल. फक्त प्लास्टिकचं झाकण टाकायला देऊ नका, वाळलेलं पान द्या.

शमिका

बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! धाकट्याला अजून स्ट्रॉबेरीचं सांगितलेलं नाही, हिंमत होत नाही. मग दुकानांत वर्षभर स्ट्रॉबेरी क्रीम मिळतं ते कसलं?

खादाड खारुताई

ते गोठवून ठेवलेल्या फळांचं. चव वाईट नसते, पण ताज्याशी तुलना करू नकोस. आणि सप्टेंबरात रस्त्यावर कुणी "आत्ताच शेतातून आणली" म्हणून विकायला लागला, तर हसून पुढे हो.

धाकट्यासाठी उपाय आहे. याच दिवसांत शेतात गादीवाफे तयार करून त्यांवर प्लास्टिक अंथरायचं काम चालतं. त्याला ठरावीक अंतरावर गोल भोकं पाडतात आणि प्रत्येक भोकात एक रोप. आमच्या ओळखीच्या शेतकरी काकूंनी माझ्या भाच्याला एक रोप लावू दिलं होतं. त्या रोपाचा कोंब, म्हणजे पानांच्या बुडाची गड्डी, मातीत पुरली तर रोप कुजतं आणि फार वर राहिली तर वाळतं. काकूंनी त्याचा अंगठा धरून बरोब्बर किती दाबायचं ते दाखवलं. पोरगं नंतर कितीतरी दिवस "माझं रोप कसं आहे" विचारत होतं. पाचगणी-भिलार रस्त्याला शेतं आहेत, विचारून बघ, लोक नाही म्हणत नाहीत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, हे लेकीला प्रोजेक्टला उपयोगी पडेल.

बाकी खाण्याचं: गरम मक्याचं कणीस, मक्याचे पॅटिस, लाल मुळे, गाजरं. मध घ्यायचा तर मांघर गावात जा, महाबळेश्वरजवळच आहे. २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून ते जाहीर झालं. मधपेट्या उघडून दाखवतात. फज आणि चणे घेणारच आहेस, ते सांगायला नको.

रानहळद

कासबद्दल कुणी नीट लिहिलेलं दिसत नाही म्हणून लिहिते. जरा लांबेल.

पहिलं म्हणजे शनिवार-रविवारी जाऊ नका. शुक्रवारी सकाळी जा. रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, त्यामुळे ऑनलाइन बुकिंग आधी करा. गाडी वाहनतळावर ठेवून पुढे त्यांच्या बसनं जावं लागतं. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटानं पंचवीसेक किलोमीटर आहे, तेव्हा गुरुवारी रात्री साताऱ्यात मुक्काम केलात तर सगळ्यात उत्तम.

दुसरं म्हणजे गालिच्याचे फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका. गालिचा असतो, पण तो पाऊस कसा पडला, मध्ये उघडीप किती मिळाली, यावर ठरतो आणि एका आठवड्यात रंग बदलतो. तेरड्याचा गुलाबी-जांभळा आधी, मग सोनकीचा पिवळा चढत जातो. तुम्ही जाताय तेव्हा बहुधा पिवळ्याचं राज्य असेल.

खरी मजा खाली बसण्यात आहे. कास म्हणजे जांभा खडकाचा सडा, वर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. पाणी मुरत नाही, उथळ डबक्यांत साचून राहतं, आणि मातीतलं नत्र धुऊन जातं. मोठ्या झाडाला तिथे मूळ धरता येत नाही, म्हणून वीतभर उंचीच्या वनस्पतींना रान मोकळं. ज्यांना मातीतून नत्र मिळत नाही त्यांतल्या काहींनी किडे खायला सुरुवात केली. सीतेची आसवं हे फूल तुम्ही पाहालच, निळं-जांभळं, नाजूक, हजारोंनी. वरून इतकं सोज्वळ दिसतं. पण त्याच्या बुडाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात. एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या दाराशी आला की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. दवबिंदू त्याहून उघड शिकारी. पानांवरच्या केसांना चिकट थेंब, उन्हात चमकतात, माशी बसली की संपली. तुमच्या लेकीकडे साधं भिंग द्या. नववीतल्या मुलीला याहून चांगली सहल मी सांगू शकत नाही.

आणखी काय शोधाल: पांढऱ्या बटणांसारखा गेंद, पिवळ्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके असलेला 'मिकी माऊस' (धाकट्याला हा लगेच सापडेल), निळी नभाळी, आणि नशीब असेल तर कंदीलपुष्प. तळ्यातली वायतुरा इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन फाटे फुटलेली असते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, त्यामुळे "या वर्षी आहे का" याच्या मागे लागू नका. कासवर ८५०हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे.

आणि कृपया फुलांत झोपून फोटो काढू नका. दरवर्षी सांगते, दरवर्षी लोक झोपतात.

भटकभवानी

रानहळद, _/\_. भिंगाची आयडिया चोरली आहे.

जळवांचं कुणी बोललं नाही? जंगलातल्या वाटांवर सप्टेंबरअखेरीपर्यंत असतात. मोठे मोजे आणि पुडीत मीठ ठेवा. उघड्या सड्यावर एवढा त्रास नाही.

तात्या वाईकर

शमिका, सगळे वरचंच सांगताहेत, मी पायथ्याचं सांगतो. रविवारी परत निघाल की पसरणी घाट उतरून वाईत या. धाकट्याला गाडी लागत असेल तर घाटाच्या आधी पोटभर खायला देऊ नका, वळणं बरीच आहेत.

वाईत ढोल्या गणपती. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, अगदी कृष्णेच्या घाटावर. मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, पुराचं पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून. सासूबाईंना दर्शनाला पायऱ्यांचा फारसा त्रास नाही. तिथून थोड्याच अंतरावर मेणवली, नाना फडणविसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. घाटावर मोठी घंटा आहे, वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी आणलेली. दुपारी तिथे सावलीत बसा. सिनेमावाल्यांनी या घाटावर इतकं चित्रीकरण केलंय की तुम्हाला आधी आल्यासारखं वाटेल.

वेळ उरला तर धोमचं देऊळ. नंदी कासवाच्या पाठीवर बसवलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. कुंडात पाणी असेल तर नंदी तरंगल्यासारखा दिसतो.

अजून एक. वरचा पाऊस आणि आमचा पाऊस यात जमीन-अस्मानाचा फरक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, आणि वाईत हजाराच्याही आत. वर धुक्यात अडकलात तर कंटाळू नका, खाली उतरा, ऊन मिळेल.

गडकोट

सगळं ठीक आहे, पण प्रतापगडाचं नावही नाही? महाबळेश्वरपासून चोवीस किलोमीटरवर आहे! १६५६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला, १० नोव्हेंबर १६५९ ची अफजलखानाची भेट याच्याच पायथ्याशी. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यात हा आहे. वासोटा बंद म्हणून हिरमुसलेल्या यजमानांना इथे आणा.

माझं म्हणणं, परतताना वाईकडे उतरूच नका. प्रतापगड करून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरा आणि मुंबई-गोवा महामार्गानं ठाणं गाठा. तोच रस्ता पुन्हा नको.

जावळीकर

गडकोट, सूचना चांगली पण महिना चुकीचा. आंबेनळी पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतो. सप्टेंबरअखेर उघडा असेलही, पण त्या दिवशी सकाळी स्थानिकांना विचारल्याशिवाय गाडी घालू नये. रविवारी संध्याकाळी मुलं आणि सासूबाई घेऊन घाटात अडकण्यापेक्षा पसरणी बरा. गडावर जाऊन परत महाबळेश्वरलाच या.

गडाला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्यामुळे सगळ्यांनी जायची गरज नाही. यजमान आणि लेक सकाळी लवकर प्रतापगड करून येतील. तेवढ्यात तुम्ही, सासूबाई आणि धाकटा क्षेत्र महाबळेश्वरला. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री या पाच नद्यांचे उगम मानतात, सगळ्यांचं पाणी एकत्र होऊन गोमुखातून पडतं. सासूबाई बाटली भरून घेतील, रिकामी बाटली आठवणीनं न्या. तिथून जवळच कृष्णाबाईचं जुनं देऊळ आहे. तिकडे फार कुणी जात नाही. काळा दगड, शेवाळलेले खांब, कुंडात झिरपणारं पाणी, आणि समोर थेट कृष्णेचं खोरं. मला विचाराल तर या सगळ्या पठारावर ही जागा पहिल्या नंबरची.

धुक्यातला पांथस्थ

कृष्णाबाईबद्दल मात्र जावळीकरांशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवा, असं रोज होत नाही.

रेवाची आई

भिलार कुणी सांगितलं नाही याचं आश्चर्य वाटलं! पाचगणीजवळचं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घरांच्या ओटीवर, देवळात, शाळेत कपाटं मांडलीत. एका घरी कथा-कादंबऱ्या, दुसरीकडे बालसाहित्य, तिसरीकडे इतिहास. कुठेही आत जा, पुस्तक काढ, बसून वाच, पैसे नाहीत. आमची रेवा बालसाहित्याच्या घरात जी बसली ती उठेना. घरातल्या आजींनी न विचारता तिच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली.

शमिका, तुला "कुणी उठवू नये" हवंय ना? मुलांना भिलारात सोड आणि गाडीत मागच्या सीटवर झोप.

पाचगणीत टेबललँडला जाच, पण घोडेवाल्यांशी दर आधी ठरवून. सासूबाईंना टांग्यात बसवता येईल. वर जायचं ते वाऱ्यासाठी. दुकानांकडे पाठ करून टोकापर्यंत चालत गेलात तर गर्दी आपोआप विरते.

शमिका

मंडळी, तुमचे आभार कसे मानू! घरी सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. आत्तापर्यंत ठरलंय ते असं:

गुरुवारी साताऱ्यात मुक्काम. शुक्रवारी सकाळी कास (बुकिंग केलं, भिंग मागवलं). दुपारनंतर मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वर. शनिवारी सकाळी दोन तुकड्या, जावळीकरांनी सांगितल्याप्रमाणे, आणि दुपारी सगळे मिळून आर्थर सीट. बॉम्बे पॉइंटची जत्रा सासूबाईंच्या खास आग्रहास्तव. रविवारी केट्स पॉइंट, लिंगमळा, भिलार, मग वाई-मेणवली करून घर.

टेबललँड राहतंय. राहू दे का?

जावळीकर

राहू दे. शुक्रवारी कासचा सडा बघणारच आहात, टेबललँडही तसाच जांभ्याचा. रविवार तसाही भरगच्च झालाय. लिंगमळ्याला पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथे सासूबाईंना नेऊ नका. केट्स पॉइंट आणि लिंगमळा दोन्ही पाचगणीच्याच रस्त्याला आहेत, सकाळी आठच्या आत उरका. नंतर वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागते आणि तुम्ही विरुद्ध दिशेला असलात तरी अडकता.

केळघर घाटात अंधार पडायच्या आत वर या. धुकं असेल तर समोरची पांढरी पट्टीही दिसत नाही.

रेवाची आई

टेबललँडला "राहू दे" म्हणणाऱ्यांचा तीव्र निषेध. घोडा चुकल्याचं सहा वर्षांच्या मुलाला तुम्हीच समजावा.

शमिका

त्याला स्ट्रॉबेरीचं रोप लावायला मिळणार म्हणून सांगितलंय, सध्या घोडा विसरलाय. खारुताई, त्या काकूंचं गाव कोणतं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर ना.

खादाड खारुताई

केला.

किरण्या०७

धागा वर काढतोय. आम्ही मित्र डिसेंबरात फक्त वासोट्यासाठी जाणार आहोत. परवानगी कुठे मिळते? गडावर तंबू टाकता येतो का?

जावळीकर

गडावर मुक्कामाला बंदी आहे, तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, तिथूनच बोट ठरवायची. ओळखपत्रं सगळ्यांची न्या. शिवसागर जलाशयातून पलीकडे पोचायला तास-दीड तास लागतो आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं, म्हणून पहिली बोट पकडा. त्यासाठी आदल्या रात्री बामणोलीतच राहा, तळ्याकाठी तंबूंची सोय असते. चौकीवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. गडावर खायला काही मिळत नाही, डबा इकडूनच. वाट दाट झाडीतून आहे, चढ दमवतो पण अवघड नाही. मोठ्यानं गाणी लावणार असाल तर मात्र कृपा करून दुसरा गड बघा.

किरण्या०७

गाणी नाहीत, काका, वचन. बोटीचे पैसे माणशी की बोटीमागे?

जावळीकर

बोटीमागे. तुम्ही कमी असाल तर घाटावर थांबा, दुसरा गट येतोच, वाटून घ्या.